एका मोठ्या संख्येची हकीकत

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. खेळ शोधून काढणाऱ्या पंडितावर राजा खूश झाला आणि म्हणाला, "माग काय हवे ते." पंडित म्हणाला, "महाराज, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. असे प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवीत चला, आणि चौसष्ट घरांचे मिळून जे होतील तेवढे मला द्या." राजा हसला. पण कोठीवाल्याने हिशेब मांडला तेव्हा सगळ्या राज्यातली कोठारे रिकामी करूनही भागेना. ते दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

आता, श्रोतेहो, अशी कल्पना करा की त्या पटाला आणखी तीन घरे जोडली आणि दुपटीचा क्रम तसाच पुढे चालवला. सदुसष्ट घरांवरचे सगळे दाणे मिळून होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या आहे. आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र असे म्हणत म्हणत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. एकावर सतरा शून्ये म्हणजे परार्ध. आपली संख्या त्या परार्धाच्याही १४७५ पटींहून अधिक भरते.

आजचे भाषण ह्या एकाच संख्येविषयी आहे. एका संख्येवर इतका वेळ बोलण्यासारखे काय असणार, असे कोणालाही वाटेल. पण हिची हकीकत मोठी आहे. फ्रान्समधल्या एका नामवंत विद्वानाने सन १६४४ मध्ये हिच्याबद्दल एक विधान केले. ते विधान चुकीचे होते. ते चुकीचे आहे एवढे कळायला २३२ वर्षे लागली, आणि चूक नेमकी कुठे आहे ते फळ्यावर मांडून दाखवायला २५९ वर्षे लागली. मोठ्या माणसाने लिहिलेले विधान कसे टिकून राहते आणि ते तपासायचे म्हणजे काय करायचे, ह्याचा हा चांगला धडा आहे, आणि शिक्षक मंडळींना तो वर्गात नेण्यासारखा आहे.

विधान काय होते हे कळण्यासाठी पहिल्यांदा थोडी उजळणी करू. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः ह्यांखेरीज दुसऱ्या कशानेही भाग जात नाही, तिला आपण मूळ संख्या म्हणतो. २, ३, ५, ७, ११, १३ ह्या मूळ संख्या. १५ मूळ नाही, कारण ती तीन पाचे पंधरा अशी फुटते. अशा फुटणाऱ्या संख्येला संयुक्त संख्या म्हणतात, आणि ज्या संख्यांनी ती फुटते ते तिचे अवयव.

आता पुन्हा आपल्या पटाकडे या. पहिल्या दोन घरांचे दाणे मिळून ३, तीन घरांचे ७, चारांचे १५, पाचांचे ३१, सहांचे ६३, सातांचे १२७. प्रत्येक बेरीज ही पुढच्या घरातल्या दाण्यांहून एकाने कमी असते. म्हणून सदुसष्ट घरांची बेरीज म्हणजे दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक. ह्या बेरजांत एक गंमत दिसते. घरांची संख्या २, ३, ५, ७ अशी मूळ असेल तेव्हा बेरीजही मूळ येते: ३, ७, ३१, १२७. घरांची संख्या ४ किंवा ६ अशी संयुक्त असेल तेव्हा बेरीज संयुक्तच येते. पंधरा म्हणजे तीन पाचे, त्रेसष्ट म्हणजे सात नव्वे. तेव्हा साहजिकच वाटते की मूळ घरांची बेरीज नेहमी मूळच यायची. पण सातानंतरची मूळ संख्या अकरा. अकरा घरांची बेरीज २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. नियम मोडला. हे युरोपात १५३६ साली छापून आले होते.

ह्या बेरजांची विद्वानांना एवढी ओढ का, तर तिचे मूळ ग्रीक गणिती युक्लिड यांच्यात आहे. सहाला १, २ आणि ३ यांनी भाग जातो, आणि त्यांची बेरीजही सहाच. अठ्ठावीसला १, २, ४, ७ आणि १४ यांनी भाग जातो, त्यांची बेरीज अठ्ठावीस. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणत. युक्लिडने सिद्ध करून ठेवले की आपल्या पटावरची बेरीज मूळ असेल, तर तिला शेवटच्या घरातल्या दाण्यांनी गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. ३ गुणिले २ सहा, ७ गुणिले ४ अठ्ठावीस, ३१ गुणिले १६ चारशे शहाण्णव. म्हणून परिपूर्ण संख्या शोधायची तर कितव्या घरापर्यंतची बेरीज मूळ येते हे शोधणे आले.

ह्या वाटेने जाणाऱ्यांत इटलीतील बोलोन्याचे गणिती कातल्दी होते. सतरा आणि एकोणीस घरांच्या बेरजा मूळ आहेत हे त्यांनी भागून पाहून बरोबर सांगितले. परंतु सन १६०३ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ घरांच्या बेरजाही मूळ म्हणून सांगितल्या. त्यांतली ३१ ची तेवढी खरी ठरली.

कातल्दींचा हा दावा सन १६४० मध्ये फर्मा यांनी मोडला. फर्मा हे दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरी न्यायखात्यात अधिकारी होते, आणि गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. त्यांनी एक मोठा सोयीचा नियम काढला. घरांची संख्या मूळ असेल, तर त्या बेरजेचा कोणताही अवयव हा घरांच्या दुपटीच्या एखाद्या पटीत एक मिळवून आलेला असलाच पाहिजे. म्हणजे वाटेल त्या संख्येने भागत बसायला नको. अवयवांची एक शिडीच मिळाली, आणि तिच्या पायऱ्या तेवढ्या तपासायच्या.

करून पाहू. अकरा घरे असतील तर दुप्पट बावीस, त्यात एक मिळवला की तेवीस. २०४७ ला तेविसाने भाग जातोच. म्हणजे पहिल्याच पायरीवर काम झाले. तेवीस घरे असतील तर दुप्पट सेहेचाळीस, त्यात एक म्हणजे सत्तेचाळीस, आणि त्या बेरजेला सत्तेचाळिसाने भाग जातो. पुन्हा पहिलीच पायरी. सदतीस घरांची बेरीज १,३७,४३,८९,५३,४७१ एवढी मोठी आहे. पण शिडी पाहा: चौऱ्याहत्तर अधिक एक म्हणजे ७५, पुढची १४९, त्यापुढची २२३. तिसऱ्या पायरीवर, २२३ ने, भाग जातो. फर्मांनी हे पत्राने कळवले. पत्र ज्यांना लिहिले तेच आपल्या हकीकतीतले मुख्य गृहस्थ.

त्यांचे नाव मारां मर्सेन. जन्म १५८८, मृत्यू १६४८. पॅरिसच्या एका मठात राहणारे हे ख्रिस्ती साधू. त्या काळी विज्ञानाची नियतकालिके नव्हती. ती उणीव मर्सेन यांच्या पत्रांनी भरून काढली होती. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ अशा माणसांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. एकाचा शोध दुसऱ्याला कळवावा, दुसऱ्याची शंका तिसऱ्यापुढे टाकावी, हा त्यांचा क्रम. असा बहुश्रुत आणि सज्जन माणूस. त्यांनी १६४४ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले की २५७ घरांपर्यंत जावे तर ज्यांची बेरीज मूळ येते अशा घरांच्या संख्या फक्त अकरा: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. बाकी सगळ्या संयुक्त.

त्या यादीत ६७ आहे हे ध्यानात ठेवा. हेच ते विधान.

आता हे मर्सेन यांनी तपासले कसे? दोनशे सत्तावन्न घरांची बेरीज अठ्ठ्याहत्तर अंकी भरते. ती एका माणसाने आयुष्यभर भागून पाहिली तरी पुरे होणारी नाही. गंमत अशी की मर्सेन यांनी त्याच ग्रंथात म्हटले आहे की पंधरा किंवा वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही पुरणार नाही. म्हणजे आपण सगळे भागून पाहिलेले नाही हे त्यांनी लपवले नव्हते. तरीही यादी यादीच्या थाटात छापली गेली, तिच्यामागे मोठे नाव उभे राहिले, आणि अशा संख्यांना पुढे नावच पडले 'मर्सेन संख्या'. खोटी म्हणावी तर खोटेपणाचा पुरावा कोणाजवळ नव्हता. खरी म्हणावी तर खरेपणाचाही नव्हता.

शंभराहून अधिक वर्षे गेली. सन १७७२ मध्ये ऑयलर यांनी एकतीस घरांची बेरीज, २,१४,७४,८३,६४७, मूळ आहे हे सिद्ध करून दाखवले. त्या वेळी त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पण फर्मांच्या शिडीमुळे त्यांना तपासायच्या पायऱ्या साडेसातशेच्या आतच होत्या, आणि दुसऱ्या एका नियमाने त्यांतल्याही निम्म्या गळत होत्या. तो नियम असा की अवयवाला आठांनी भागले तर बाकी एक किंवा सात उरली पाहिजे.

तर मग सदुसष्ट घरांसाठी हीच शिडी का चढू नये? चढता येते, पण शिडी किती उंच आहे ते पाहा. सदुसष्टाची दुप्पट १३४. पहिली पायरी १३५, दुसरी २६९, तिसरी ४०३, असे वर वर जायचे. पहिला अवयव, आता आपल्याला ठाऊक आहे म्हणून सांगतो, येतो चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या पायरीवर. आठांच्या नियमाने निम्म्या पायऱ्या गाळल्या आणि तीन, पाच, सात यांनी भाग जाणाऱ्याही गाळल्या, तरी सव्वातीन लाखांवर भागाकार उरतात. एका भागाकाराला दहा मिनिटे धरली आणि रोज आठ तास, एकही सुटी न घेता बसले, तरी जवळपास एकोणीस वर्षे लागतील. आणि हेही पायरी कितवी हे ठाऊक असणाऱ्याने सांगितले म्हणून. चढणाऱ्याला वर काही आहे की नाही हेच ठाऊक नसते.

येथे एदुआर ल्यूका यांचे नाव येते. हे फ्रेंच गणिती पुढे पॅरिसच्या शाळांतून शिकवीत असत. म्हणजे आपल्या शिक्षकबंधूंपैकीच एक. सन १८७६ मध्ये त्यांनी अशी रीत काढली की संख्या फोडून न पाहता ती फुटणारी आहे की नाही हे सांगता यावे. त्या रीतीला १९३० साली लेमर यांनी जे सोपे रूप दिले ते सांगतो. चार ह्या आकड्याने आरंभ करा. त्याचा वर्ग करा, दोन वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून बाकी तेवढी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घरांच्या संख्येहून दोन कमी एवढ्या वेळा हे केले आणि शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त.

पाच घरांची बेरीज ३१ घेऊ. पाचातून दोन गेले तीन, म्हणून तीन वेळा करायचे. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४; एकतीसने भागल्यावर बाकी आठ. आठाचा वर्ग चौसष्ट, वजा दोन बासष्ट. बासष्ट म्हणजे एकतीस दुणे, बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. सदुसष्ट घरांसाठी हे पासष्ट वेळा करायचे. आकडे लांबलचक येतात, पण हाताने होण्यासारखे काम आहे.

ल्यूका यांनी आपल्या त्या वेळच्या रीतीने १२७ घरांची बेरीज मूळ आहे असे सिद्ध केले. मर्सेन यांचा तो एकोणचाळीस अंकी आकडा खरा निघाला, आणि पुढे पाऊणशे वर्षे तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. त्याच १८७६ साली सदुसष्टांबद्दल त्यांचे उत्तर उलटे आले: ही संख्या मूळ नाही, ही फुटते. मर्सेन चुकले होते.

फुटते, पण कशाने, ते मात्र ल्यूका सांगू शकले नाहीत. नारळ कानाशी धरून हलवला की आत पाणी आहे हे कळते. पाणी दिसायचे तर नारळ फोडावा लागतो. ल्यूका यांनी नारळ हलवून दाखवला होता. विद्वानांचे समाधान झाले. पण ज्याला त्यांची रीत कळत नव्हती त्याच्या दृष्टीने एका मोठ्या नावाच्या जागी दुसरे मोठे नाव आले एवढेच.

नारळ फोडला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी. जन्म १८६१, मृत्यू १९२६. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे ते कित्येक वर्षे चिटणीस होते. कोल यांनी शिडी एकेक पायरीने चढण्याचे टाळले. त्यांनी फर्मांचीच आणखी एक युक्ती हाती घेतली. ती ९१ वर पाहू. शंभरातून नऊ गेले एक्याण्णव. म्हणजे दहाच्या वर्गातून तीनाचा वर्ग वजा. वर्गांचे अंतर आले की बेरीज गुणिले वजाबाकी असे अवयव पडतात: दहा अधिक तीन तेरा, दहा उणे तीन सात, आणि तेरा साती एक्याण्णव. येथला दहा हा आकडा म्हणजे दोन अवयवांच्या बेरजेचे अर्धे. ते अर्धे सापडले की अवयव सापडलेच.

एकवीस अंकी संख्येसाठी ते अर्धे शोधायचे तर लाखो-कोटी आकड्यांची चाळण करावी लागणार. कोल यांनी वर्गांच्या बाक्या तपासून तपासून अशी चाळण बसवली की शेवटी निष्कर्ष निघाला तो असा: ते अर्धे १,३२,३५,३६,७६० ने भागले असता बाकी १,१६,०९,३२,३८४ उरली पाहिजे. एवढे हाती आल्यावर त्या मोठ्या भाजकाच्या पटी घेत बाकी मिळवीत जायचे. अर्धे फार लहान असू शकत नाही, म्हणून नवव्या पटीपासून आरंभ. शोध थांबतो २८७ व्या पटीवर. सव्वातीन लाख भागाकारांच्या जागी तीनशेहूनही कमी आकडे! खरे कष्ट अर्थातच ती चाळण बसवण्यात होते.

मग ३१ ऑक्टोबर १९०३ हा दिवस उजाडला. न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची सभा होती. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी कोल यांचा निबंध कार्यक्रमात होता. त्या सभेची हकीकत गणिताच्या इतिहासाचे प्रसिद्ध लेखक एरिक टेम्पल बेल यांनी लिहून ठेवली आहे. बेल सांगतात की कोल यांचे नाव पुकारल्यावर ते उठले आणि काही न बोलता फळ्याकडे गेले. खडूने त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात करून दाखवला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे सरकून त्यांनी दोन आकडे लिहिले, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि आपण शाळेत करतो तसा ओळीखाली ओळ मांडून गुणाकार केला. दोन्हीकडची उत्तरे जुळली. कोल जागेवर येऊन बसले. तोंडातून एक शब्द नाही. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. कोणी प्रश्नही विचारला नाही. विचारण्यासारखे उरलेच नव्हते.

पुढे १९११ साली बेल यांनी कोल यांना विचारले की ह्या कामाला किती वेळ लागला. उत्तर मिळाले, तीन वर्षांचे रविवार.

श्रोतेहो, ह्या प्रसंगात मला जे विशेष वाटते ते सांगतो. उत्तर शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, पण ते खरे आहे हे पटायला एक गुणाकार पुरला. त्या सभेत मोठमोठे गणिती बसले असतील. पण तो गुणाकार तपासायला गणिती असण्याची गरज नाही. आपल्याकडच्या प्राथमिक शाळेतले मूलही तो धीराने करू शकेल. मर्सेन यांचे विधान खरे मानायचे तर मर्सेन यांच्यावर विश्वास ठेवावा लागत होता. ल्यूका यांचे मानायचे तर त्यांची रीत शिकावी लागत होती. कोल यांचे मानायला पाटी-पेन्सिल पुरते.

त्यातही आपल्या जुन्या शाळांतला नवाचा ताळा येथे कामी येतो. पहिल्या आकड्यातले अंक मिळवा: एक, नऊ, तीन, सात, शून्य, सात, सात, दोन, एक, बेरीज ३७, पुन्हा मिळवून १०, पुन्हा १. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ६४. सहा आणि चार १०, म्हणजे १. एक एके एक. तेव्हा गुणाकाराच्या अंकांची बेरीजही शेवटी एकावर आली पाहिजे. आपल्या एकवीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज होते १०९. एक, शून्य, नऊ मिळून १०, म्हणजे १. ताळा जमला. अर्थात ताळा जमला म्हणजे गुणाकार बरोबरच असे होत नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी ताळा जमतोच. ताळा चुकला तर मात्र गुणाकार नक्की चुकला. हा भेद मुलांना एकदा नीट सांगण्यासारखा आहे.

मर्सेन यांच्या यादीचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. सन १८८३ मध्ये रशियात, उरल पर्वताच्या मुलखातले एक खेड्यातले धर्मोपदेशक, इव्हान पेर्व्हूशिन, यांनी एकसष्ट घरांची बेरीज २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१ ही मूळ आहे असे दाखवले. यादीत एकसष्ट नव्हते. अमेरिकेत रेल्वेत नोकरी करणारे पॉवर्स यांनी १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ घरांची बेरीज मूळ असल्याचे दाखवले. तीही यादीत नव्हती. यादीतले २५७ खोटे निघाले. सगळी यादी तपासून पुरी व्हायला १९४७ साल उजाडले. एकंदर चुका पाच: ६७ आणि २५७ उगाच घातलेले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेलेले. ह्या चुका काढणाऱ्यांत शाळेत शिकवणारे, खेड्यात राहणारे, रेल्वेत नोकरी करणारे आहेत, हे विसरू नये. त्यांच्याजवळ कागद, पेन्सिल आणि चिकाटी होती.

१९५२ पासून हे काम यंत्रांकडे गेले. त्या वर्षी संगणकाने ५२१ आणि ६०७ घरांच्या मूळ बेरजा एकाच दिवशी शोधल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या तर १३,६२,७९,८४१ घरांची आहे आणि तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती मूळ असल्याची खात्री ज्या कसोटीने केली ती मुळात ल्यूका यांच्याच विचारातून वाढलेली आहे. कोल यांना तीन वर्षांचे रविवार लागलेली संख्या आज साधा संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोडतो.

म्हणून काही फोडणे सोपे झाले असे मात्र समजू नये. कोल यांच्या फळ्यावर जे दिसले तेच आजही खरे आहे: दोन आकडे गुणणे सोपे, गुणाकारावरून ते दोन आकडे ओळखणे कठीण. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्या तिघांनी ह्याच अडचणीचे कुलूप बनवले. शेकडो अंकी दोन मूळ संख्या गुप्त ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. असल्या कुलपांनी बँकांचे आणि टपालाचे कितीतरी गुप्त व्यवहार सांभाळले गेले. त्यांच्यासाठी नमुना म्हणून ठेवलेली एक २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही पुष्कळ संगणक एकत्र जुंपून.

वर्गात मुले कधी कधी विचारतात की हे खरे कशावरून. पुष्कळदा आपण सांगतो, पुस्तकात आहे म्हणून. वेळ थोडा असतो, अभ्यासक्रम मोठा असतो, आणि प्रत्येक गोष्ट मुळापासून दाखवणे कोणालाच शक्य नसते. पण वर्षातून एखादी तरी गोष्ट अशी असावी की जी मुलांनी पुस्तकावर न विसंबता स्वतःच्या हाताने तपासून पाहिली. त्यासाठी प्रयोगशाळा नको, पैसा नको. सदुसष्ट घरांचा गुणाकार लहान मुलांना लांब पडेल, म्हणून तेवीस घरांचा घ्यावा. कातल्दी म्हणाले होते की तेवीस घरांची बेरीज मूळ आहे. मुलांच्या अर्ध्या वर्गाला एकापासून दुप्पट करीत तेवीस घरांचे दाणे मोजायला लावा. उरलेल्या अर्ध्यांना १,७८,४८१ ला ४७ ने गुणायला सांगा. दोन्हीकडे ८३,८८,६०७ हे उत्तर आले की १६०३ सालचे एक छापील विधान तुमच्या शाळेच्या फळ्यावर मुलांनीच खोडलेले असेल.